औषधाचा ताप

सोमवार, ८ सप्टेंबर. अमरावती

शनिवारी गावातले गणपती बुडवायला निघाले तेव्हा खुशी अंथरुणातून उठली नाही. ताशा ऐकला की जेवतं ताट सोडून पळणारी पोरगी, पण तिनं नुसते डोळे उघडले आणि मिटले. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत होता. तिच्या बापानं, माझ्या किशोरनं, गाडी काढली आणि आम्ही तिला अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, न्यूमोनिया दोन्हीकडे पसरला आहे म्हणाले. लहान मुलांचं व्हेंटिलेटर जवळपास कुठे रिकामं नव्हतं, म्हणून त्यांनीच अमरावतीला फोन लावून जागा मिळवली.

काल दुपारी अॅम्ब्युलन्सनं आलो. किशोर पुढे ड्रायव्हरजवळ होता आणि सारखा मागे वळून पाहत होता. सून सीमा खुशीचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. मूर्तिजापूर गेल्यावर पोरीची नखं निळी दिसायला लागली. मी सीमाला सांगितलं नाही, पण तिनं पाहिलं असावं.

इथे आल्याबरोबर नळी घातली. आता मशीन तिला श्वास देतं. नळीचा त्रास होऊ नये, तिनं ती ओढून काढू नये म्हणून झोपेचं औषध चालू आहे. एका मोठ्या सिरिंजमधून थोडं थोडं जात राहतं. सिरिंजवर नाव लिहिलं आहे, लांबलचक. सिस्टर नुसतं 'डेक्स' म्हणतात.

या वॉर्डात डॉ. आकांक्षा म्हणून आहेत, वय तिशीच्या आसपास. म्हणाल्या, "आजोबा, पुढचे काही दिवस कठीण आहेत." मी म्हटलं, "मी कृषी सहायक होतो. सगळी नोकरी शेतकऱ्यांना वाईट बातम्या सांगण्यात गेली. मला खरं सांगितलेलं चालतं."

सहा वर्षांच्या पोरीला एवढा न्यूमोनिया होतो कशानं? सीमाला मागच्या आठवड्यात सर्दी होती. तशीच मळ्यातली फुलं घेऊन गावच्या बाजारात बसायची, आणि शाळा सुटली की खुशी तिच्याजवळ. मी तेव्हाच बोललो होतो. कुणी ऐकत नाही. माझा खोकला मात्र आता बसला. गणपतीच्या सुरुवातीला फारच होता. रात्री ढास लागली की माझ्याजवळ झोपलेली खुशीच उठून पाणी आणून द्यायची.

बुधवार, १० सप्टेंबर

दवाखान्यासमोर एक खोली मिळाली आहे. तिथे मी आणि किशोर झोपतो. सीमा वरच, वॉर्डाच्या दाराशी असलेल्या बाकावर बसून असते. दाराला गोल काच आहे, पण तिच्यातून खुशीची खाट दिसत नाही. तरी दार उघडलं की सीमा उभी राहते, आणि बंद झालं की बसते. मी म्हटलं, "उगाच उठबस कायले करतं? बोलावतील तेव्हा जा." ती 'हो' म्हणाली आणि पुढच्या वेळी पुन्हा उभी राहिली.

सकाळ-संध्याकाळ दोघांना आत सोडतात. आज मी गेलो. खुशीच्या तोंडाला पट्ट्या, हाताला फळी. झोपलेली दिसते, पण आपली पोरगी झोपते तशी नाही. खुशी झोपेत गोल फिरते. इथे ठेवली तशीच आहे.

डॉ. आकांक्षा म्हणाल्या, ऑक्सिजन थोडा कमी करता आला. बायकोला, मैनाबाईला फोन करून सांगितलं. ती घरी एकटीच आहे, मळ्यातल्या शेवंतीला पाणी द्यायला कुणी तरी हवं ना. ती फोनवर रडली. मी म्हटलं, चांगली बातमी दिली तर रडतेस काय?

शुक्रवार, १२ सप्टेंबर

काल संध्याकाळपासून ताप आहे. आज एकशे तीनच्या वर गेला. सिस्टर ओल्या फडक्यानं अंग पुसतात, सलाइनमधून तापाचं औषध देतात. थोडा उतरतो की पुन्हा चढतो.

डॉक्टर म्हणाल्या, आधीचा न्यूमोनिया असताना वर नवीन संसर्ग झाला असू शकतो. रक्त, लघवी, नळीतला कफ, सगळं तपासायला पाठवलं. अँटिबायोटिक बदललं. मी विचारलं, "नवीन संसर्ग आला कुठून?" त्या म्हणाल्या, "दवाखान्यातूनही येतो, माणसांकडूनही येतो. सांगता येत नाही."

मला सांगता येतं.

शनिवार, १३ सप्टेंबर

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की आता भेटी कमी करा. एकच माणूस आत येईल, आणि सर्दी-खोकला असेल त्यानं येऊ नये. एवढं सांगून त्या गेल्या, कारण आत दुसरं मूल आलं होतं.

मी म्हटलं, "किशोर जाईल."

सीमा म्हणाली, "मामाजी, मले आता सर्दी नाई."

"परवा शिंकली होतीस."

"ते धुळीनं. झाडू मारून राहिले होते तथी."

"धुळीनं असो की कशानं. एका शिंकेत काय काय असतं ठाऊक आहे का?"

ती किशोरकडे पाहत राहिली. किशोर पायातल्या चपलेकडे पाहत होता. मग म्हणाला, "बाबा म्हणतात त बरोबर असन. चार-दोन दिवसाची तर गोष्ट हाय."

सीमा पुन्हा बाकावर जाऊन बसली. वाद घातला नाही, हे चांगलं केलं. अशा वेळी घरात एकानं तरी कठोर व्हावं लागतं. मलाही काय बरं वाटलं का? पण पोरीच्या जिवापुढे मनाचं काय घेऊन बसायचं.

किशोर आत जायला निघाला तेव्हा तिनं त्याचा सदरा धरला. "तिचे पाय गार पडतात. झोपताना माह्या पोटाले लावते ते. तुमी पाय धरा तिचे. चांगले दोन्ही हातांनं धरा."

सोमवार, १५ सप्टेंबर

ताप तसाच. एकशे चार. काही तपासण्या आल्या, त्यांत काही सापडलं नाही. जंतू वाढवून पाहायच्या तपासणीला वेळ लागतो म्हणतात. आणखी एक अँटिबायोटिक सुरू केलं. डोक्याचा फोटो काढायचं बोलत होते, मग थांबले.

मैनाबाईचा फोन आला. सीमाला आत जाऊ देत नाही हे किशोरकडून तिला कळलं होतं. फार चिडली होती.

"अजी, कावून बसवलं तिले बाहेर?"

"सर्दी होती तिला. तिच्याकडूनच पोरीला लागलं."

"सर्दी तर तिले मागून झाली. पयले घरभर तुमीच खोकलत होते. रातभर. विसरले का?"

मी म्हटलं, माझा खोकला वेगळा, तो दर पावसाळ्यात असतो. तिनं फोन ठेवून दिला. मैनाबाईचं हे नेहमीचं आहे, कशाचा संबंध कशाशी लावते. शेवंतीवर माव्याची कीड पडली आहे की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

किशोर बाहेर आला की सीमा त्याला विचारते, "पाय धरले?" तो म्हणतो, "हो, धरले." "गरम हायेत?" "हो, गरम हायेत." "हालली का?" "थोडीशी." मग ती जरा टेकून बसते.

आज दुपारी मी औषधं आणून दिली तेव्हा आतली सिस्टर मला म्हणाली, "आजोबा, तिच्या बाबांना सांगा ना, जवळ या म्हणून. ते लांबच उभे राहतात. एकदाही हात लावला नाही. मुलांना स्पर्श कळतो हो, झोपेतसुद्धा."

मी किशोरला विचारलं नाही. विचारून काय करायचं? लहानपणी वासरू मेलं तेव्हा तो दोन दिवस गोठ्याकडे गेला नव्हता. सीमालाही सांगितलं नाही. तिला बरं वाटतं आहे तर वाटू दे.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज डॉ. आकांक्षांशी बराच वेळ बोललो. त्यांचे डोळे लाल होते. म्हणाल्या, "मला एक कोडं पडलंय आजोबा. खुशीचं फुफ्फुस सुधारतंय. फोटो आधीपेक्षा साफ आहे, ऑक्सिजन अर्ध्यावर आणलाय. रक्तात, कफात कुठेच जंतू वाढले नाहीत. नवा संसर्ग असता तर ती खालावली असती. ती खालावत नाही, फक्त तापते."

"मग?"

"मग मी असं पाहतेय की ताप आला त्याच्या आदल्या दिवशी आम्ही काय केलं होतं. झोपेच्या औषधाचा डोस वाढवला होता, कारण ती नळीशी झटापट करत होती. मधे एकदा सिरिंज बदलायला वेळ लागला, तेवढ्यात ताप उतरला होता. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. या औषधानं क्वचित असा ताप येतो. मी वाचलं होतं, पाहिलं नव्हतं."

त्यांनी नागपूरच्या आपल्या सरांना फोन केला होता. तेही म्हणाले, बंद करून पाहा. दुसरं झोपेचं औषध लावून हे थांबवणार आहेत.

मला हे चटकन समजलं. कपाशीवर फवारणीची मात्रा जास्त झाली की पानं करपतात. शेतकऱ्याला वाटतं रोग वाढला, आणि तो पुन्हा फवारतो. मी कितीदा बांधावर उभा राहून सांगितलं असेल, हात थांबवा, पान रोगानं नाही, औषधानं जळून राहिलं. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या थकलेल्या होत्या तरी हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच."

गुरुवार, १८ सप्टेंबर

ताप उतरला! काल सायंकाळी औषध थांबवलं, आज सकाळी अंग साधं लागत होतं. दुपारीही नाही, आता दिवेलागणीलाही नाही. वरची दोन अँटिबायोटिकंही बंद करणार.

मैनाबाईला फोन केला, शेजारच्या वच्छलाबाईंना केला, तलाठ्याच्या भावालाही केला. सगळ्यांना फवारणीचं उदाहरण देऊन सांगितलं. सगळ्यांना पटलं.

किशोर जिन्यात बसून रडत होता. ताप उतरल्यावर रडतो! माझ्या घरात सगळे उलटेच आहेत.

डॉ. आकांक्षा बाहेर आल्या आणि सीमाला म्हणाल्या, "आई, तुम्ही या ना आत. संसर्ग नव्हताच." सीमानं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर आत गेल्यावरही माझ्याकडेच पाहत उभी होती. मी म्हटलं, "जा ना. मी कुठे नाही म्हणतो?"

ती चपला काढून तशीच पळाली.

म्हणजे इतके दिवस तिला बाहेर बसवायचं कारण नव्हतं, असा कुणी अर्थ काढील. पण तेव्हा हे कुणाला माहीत होतं? डॉक्टरांनाही नव्हतं. काळजी घेतली यात चुकलं काय?

शनिवार, २० सप्टेंबर

खुशीनं डोळे उघडले. नळी अजून आहे, म्हणून बोलता येत नाही. पण पाहते. सिस्टरनं दोघांना सोडलं, म्हणून मी सीमासोबत आत गेलो. सीमा खाटेच्या पायाकडे स्टुलावर बसली आणि तिनं पोरीचे दोन्ही पाय आपल्या पोटाशी घेतले. साडीवरून दवाखान्याचा निळा झगा, त्यात ते पाय झाकून टाकले. बाजारात हार ओवताना गुणगुणते तसं काहीतरी गुणगुणत होती. शब्द नव्हते.

खुशीनं आधी छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "ओळखलं का आबाजीला?" तिनं पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मग डोळे खाली वळवून आईला शोधू लागली. आई दिसली तशी नजर तिथेच ठेवली. मी काय काय बोलत होतो, शेवंतीला कळ्या आल्या, तुझ्या बाई विचारत होत्या. तिनं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

सोमवारी-मंगळवारी नळी काढून पाहू म्हणाले.

रविवार, २१ सप्टेंबर

आज किशोरही आत जाऊन तिच्याजवळ बसला. सीमानं त्याचा हात ओढून पोरीच्या कपाळावर ठेवला म्हणे. बाहेर येऊन तो पोटभर जेवला. किती दिवसांनी जेवताना पाहिलं.

मी घरी जाऊन येईन म्हणतो. उद्या घट बसतील, दसरा जवळ आला. झेंडू तोडणीला येईल आणि माणसं मिळायची नाहीत. की सीमाला पाठवावं? ती बाजार ओळखते.

सोमवार, २२ सप्टेंबर

सकाळी पुन्हा ताप. एकशे दोन.

मी घाबरलो नाही. या नव्या झोपेच्या औषधाचा असेल, एकाचा झाला तसा दुसऱ्याचा. सीमाला समजावून सांगितलं. म्हटलं, हे आता आपल्याला ठाऊक झालं आहे, ते औषध बदलतील आणि संध्याकाळी उतरेल. तू दुपारच्या गाडीनं घरी जा, आंघोळ कर, एक रात्र झोप, मैनाबाईला झेंडूचं सांग आणि उद्या ये. इतके दिवस बाकावर काढलेस.

ती म्हणाली, "मी नाई जात मामाजी."

"अगं, औषधाचा ताप आहे."

"असू द्या. मी नाई जात."

लग्न होऊन आल्यापासून सीमा मला 'नाही' म्हणाल्याचं आठवत नाही. आवाज चढवला नाही तिनं. मी काही म्हणायच्या आत दार ढकलून आत गेली. सर्दी, शिंक, भेटीची वेळ, कशाची वाट पाहिली नाही.

दुपारी डॉ. आकांक्षांना विचारलं, "औषध बदललं का?" त्या म्हणाल्या, "आजोबा, हा ताप वेगळा आहे. तिचं बीपी खाली येतंय. आज ती खालावते आहे." घाईत होत्या. मी फवारणीचं काही बोललो नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर

रक्तात जंतू सापडले. बीपीसाठी तीन औषधं. लघवी बंद. पोरीचा चेहरा सुजला आहे.

सीमा आतच आहे. तिला कुणी बाहेर जायला सांगत नाही, यावरून मी काय ते समजलो.

गुरुवार, २५ सप्टेंबर. घरी

खुशी काल सकाळी गेली. दुपारी माती दिली.

घरात घट बसले होते. त्याचं काय केलं, मी विचारलं नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

पाच-सहा दिवस पेन धरला नाही. त्या दिवशीचं लिहून ठेवतो, नाही तर मन पुढे वेगळंच काहीतरी रचेल.

सकाळी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. मशीन चालू होतं. डॉ. आकांक्षा खाटेपाशी उभ्या होत्या. त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला एवढंच कळलं की आता करण्यासारखं राहिलं नाही, आणि तिला त्रास होत नाही. किशोर भिंतीला टेकला. सीमा स्टुलावर, तीच जागा, पोरीचे पाय पोटाशी. ती डॉक्टरांना म्हणाली, "वर घेऊ का तिले?" सिस्टरनं नळ्या सांभाळून खुशीला उचललं आणि सीमाच्या मांडीवर दिलं. सहा वर्षांची पोरगी मांडीवर मावत नव्हती, पाय खाली लोंबत होते. किशोर भिंतीपासून सुटला, खाली बसला आणि त्यानं ते पाय हातात धरले.

मी उभाच होतो. माझ्यासाठी कुठे जागा नव्हती. कुणी ठेवली नव्हती असं नाही. मलाच पुढे होता आलं नाही.

उद्या दसरा. झेंडू झाडावरच आहे. व्यापाऱ्याचे फोन आले, किशोरनं उचलले नाहीत.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

भेटायला येणारे कमी झाले. सगळे एकच विचारतात, "बरी होऊन राहिली होती ना?" मी पहिल्या एक-दोघांना औषधाच्या तापाचं सांगितलं. आता सांगत नाही. सांगायला लागलो की सीमा उठून आत जाते.

मैनाबाई माझ्याशी मोजकंच बोलते.

रात्री घसा कोरडा पडला, पाणी प्यायला उठलो. स्वयंपाकघरात जाऊन माठ शोधावा लागला. नंतर झोप आली नाही. मैनाबाई फोनवर काय म्हणाली होती ते आठवत होतं. दर पावसाळ्यात मला खोकला असतो. यंदा ताप पण होता. तो मी लिहिला नव्हता.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

डॉ. आकांक्षा आल्या होत्या. अमरावतीहून बसनं बोरगावला उतरल्या आणि तिथून ऑटो केला. आम्ही कुणी बोलावलं नव्हतं. दवाखान्यात वाटायच्या त्यापेक्षा लहान वाटल्या, नुसती कॉलेजची मुलगी.

ओसरीवर बसल्या. मैनाबाईनं पाणी दिलं. पेला खाली ठेवून म्हणाल्या, "खुशी ज्यानं गेली तो संसर्ग नंतरचा होता. मशीनवर असलेल्या मुलांना तो गाठतो. पहिल्या तापाशी त्याचा संबंध नव्हता, हे मला तुम्हाला समोर येऊन सांगायचं होतं. पण तो पहिला ताप मला आधी ओळखता आला असता तर तिच्यामागच्या सुया, औषधं कमी झाली असती. तेही खरं आहे."

किशोर म्हणाला, "तुमी लय केलं मॅडम."

"मी तिच्या तापाबद्दल लिहिणार आहे. इतर डॉक्टरांसाठी. नाव-गाव काही येणार नाही. पुन्हा कुठे एखादं मूल असंच तापलं तर कुणाच्या तरी लवकर लक्षात येईल. पण तुमची परवानगी असेल तरच."

किशोरनं सीमाकडे पाहिलं. सीमा खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "लिहा." मग पुन्हा म्हणाली, "त्यात हे बी लिहा, का असा ताप असला त मायले लेकरापासून दूर नका ठेऊ."

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "पण आम्ही तुम्हाला नाही कुठे म्हटलं होतं? एकानं या, म्हटलं होतं. मला वाटलं होतं तुम्हीच याल. ते सगळे दिवस तुम्ही का येत नव्हता, हे मी सिस्टरला विचारलंसुद्धा. तुम्हाला सर्दी होती का तेव्हा?"

मैनाबाई माझ्याकडे पाहत होती. किशोरनं मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"नाई," सीमा म्हणाली. "मले भेव वाटे. त्या नळ्या, ते मशीन. मीच नाई आली."

डॉक्टर उठून तिच्याजवळ गेल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की पुष्कळ आयांना अशी भीती वाटते, त्यात तुमचा काही दोष नाही. सीमा मान हलवत होती.

आणि मी तिथेच खुर्चीवर बसून होतो. तोंड मिटून घेतलं.

डॉक्टरांना किशोरनं बसपर्यंत सोडलं. जाताना त्या माझ्या पाया पडल्या. मला नको म्हणताही आलं नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

परवापासून एकच चाललं आहे डोक्यात. ती खोटं बोलली. परक्या माणसासमोर ते स्वतःच्या अंगावर घेतलं, आणि आता ती डॉक्टर आयुष्यभर असंच समजणार की या बाईला स्वतःच्या लेकराजवळ जायची भीती वाटत होती. का केलं असेल? माझा मान राखायला? माझा मान काय राहिला आहे या घरात. की म्हाताऱ्याला लोकांसमोर बोलणी बसू नयेत म्हणून? मी तर तिला असं कधी वाचवलं नाही.

आज सकाळी मळ्यात गेलो. दिवाळी तोंडावर आहे आणि शेवंती फुलली. किशोर म्हणत होता, नांगर फिरवून टाकतो सगळ्यावर. पण सीमा परवापासून तोडायला लागली आहे. कुणी सांगितलं नव्हतं. पदर कमरेला खोचून एका बाजूनं ओळी धरल्या होत्या.

मी बांधावर उभा राहिलो. मग खाली उतरून तिच्या शेजारच्या ओळीत गेलो. गुडघे वाकत नाहीत आता, तरी बसलो. फुलं ओली होती. थोडा वेळ तसाच तोडत राहिलो. नीट वाक्य जुळवून गेलो होतो, ते सगळं तिथे गेल्यावर निघून गेलं.

मी म्हटलं, "तुले बाहेर मी बसवलं."

तिचे हात थांबले नाहीत. "मालूम हाय मामाजी."

"ते चार-दोन दिवस तुले भेटले असते."

आता मात्र ती थांबली. ओंजळीत फुलं होती, ती तशीच धरून बसली. मला वाटलं आता बोलेल, जे काय बोलायचं ते, आणि मी ऐकायला तयार होतो. मला ते ऐकायचंच होतं. ती रडली. आवाज न करता, तोंड न झाकता, माझ्यासमोर. मी काही केलं नाही. खांद्यावर हात ठेवावा का हेही कळलं नाही, सासऱ्यानं सुनेच्या खांद्यावर कसा ठेवावा. मी नुसता तिथून उठलो नाही.

बऱ्याच वेळानं तिनं फुलं टोपल्यात टाकली, मनगटानं डोळे पुसले आणि टोपलं दोघांच्या मधोमध सरकवलं.

"ती ओळ झाली तोडून," ती म्हणाली. "इकडून घ्या."

मी इकडून घेतली.